बेटाचं नाव न घेता

यंदा मे महिन्यात आधी आपण आणि मग पाकिस्ताननं अणुस्फोट केले, तेव्हापासून कलकत्त्यात आमच्या सॉल्ट लेकच्या घरी येणारा प्रत्येक मराठी माणूस मला एकच प्रश्न विचारतो. "सुमतीताई, तुम्ही त्या लोकांच्या समोर बसलेल्या आहात. आता पुढे काय होणार?"

समोर बसले होते हे खरं. पण बोलायला नव्हे, लिहून घ्यायला. मी स्टेनोग्राफर होते. ज्यांचं बोलणं मी लिहून घेतलं त्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही पुढे काय होणार ते कधी कळलं नाही, तर मला कुठून कळणार? आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मात्र चिवट आहेत. "भविष्य नको, जे झालं ते लिहा," असं म्हणून त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठाच आणून टेबलावर ठेवला. जे झालं ते लिहिण्यातच माझी सगळी नोकरी सरली, तेव्हा नाही म्हणता येईना.

माझा जन्म भवानीपूरचा. अप्पा खिदिरपूरच्या गोदीत एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषा आम्ही भावंडं तीन जोडी चपलांसारख्या वापरत असू. मॅट्रिकनंतर धरमतल्ल्याच्या एका वर्गात मी शॉर्टहँड शिकले आणि लालदिघीजवळच्या एका सरकारी कचेरीत लागले. त्या काळी स्टेनो म्हणजे बहुधा अँग्लो-इंडियन मुली. नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी ट्राममधून कचेरीत जाते याचं आमच्या ओळखीच्यांना फार नवल वाटे. आईला ते नवल वाटत नसे, तिला काळजी वाटे.

फाळणीला काही वर्षं झाली होती. पश्चिम बंगाल आणि पूर्व पाकिस्तान यांच्या अधिकाऱ्यांच्या बैठका व्हायच्या, कधी ढाक्याला, कधी आमच्याकडे. सरहद्दीवरचा गोळीबार, पळवून नेलेली गुरं, अडकलेल्या नावा, निर्वासितांची मागे राहिलेली घरं, असे विषय असत. एके दिवशी आमचे वरिष्ठ सेनसाहेब यांनी मला खोलीत बोलावलं. उंच, सडपातळ, बोलताना चष्मा पुसण्याची सवय असलेला माणूस.

"मिस टेंबे, पूर्व बंगालात तुमचं काही गेलं आहे का? घर, जमीन?"

"नाही, साहेब."

"कोणी नातेवाईक?"

"आमचे नातेवाईक साताऱ्याला असतात."

"उत्तम. मागच्या बैठकीत ढाक्याची मंडळी तक्रार करत होती, की आमचा स्टेनो त्यांचं बोलणं जास्त तिखट करून लिहितो. तो बिचारा बोरिशालचं घरदार सोडून आलेला आहे. त्याला दोष कसा देऊ? सोमवारपासून तुम्ही बसा."

अशी मी त्या टेबलाशी आले. माझं स्पेलिंग किंवा वेग यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी कुणाचीच नव्हते, एवढी एकच लायकी होती.

पहिल्याच बैठकीत ढाक्याच्या मंडळींचे प्रमुख चौधुरीसाहेब यांनी माझं नाव विचारलं. ते बुटके, गोरे, पान खाऊन ओठ कायम लाल झालेले गृहस्थ होते. मी मराठी आहे हे कळल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले. "म्हणजे बर्गींची मुलगी आमची कागदपत्रं लिहिणार." बर्गी म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचे जे घोडेस्वार बंगाल लुटायला आले ते. बंगाली आया अजून मुलांना त्यांची भीती घालून झोपवतात. मी म्हटलं, "या वेळी घोडा आणलेला नाही, साहेब." दोन्ही बाजू हसल्या. त्या दिवशी टेबलावर दोन्ही बाजू एकदम हसल्या अशी तीच एक वेळ.

आता ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अशा बैठकीत दोन्ही बाजूंचा आपापला स्टेनो असतो. बोललेलं सगळं लिहायचं नसतं. प्रमुखांनी "पेन्सिल खाली" म्हटलं की खरोखर पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायची आणि खिडकीबाहेर पाहायचं. खरी बोलणी बहुधा त्याच वेळात होतात. शेवटी दोन्ही स्टेनो एका खोलीत बसून आपापल्या टिपणांवरून एकच मजकूर तयार करतात आणि त्यावर दोन्ही प्रमुख सह्या करतात. मजकूर कुठे जुळला नाही तर ते कलम सहीच्या आधी प्रमुखांपुढे परत न्यायचं, असा नियम होता.

जुळणं फार अवघड असे. साधे वाटणारे शब्द त्या टेबलावर साधे राहत नाहीत. 'परत करणे' लिहिलं की तुम्ही चोरलं होतं असा अर्थ निघतो. 'सोडणे' लिहिलं की तुम्ही धरलं ते योग्यच होतं असा. एकदा गारो टेकड्यांकडून एका जमीनदाराचा हत्ती सरहद्द ओलांडून पलीकडे गेला. तो 'गेला', की 'शिरला', की 'भरकटला', यावर सकाळभर वाद चालला. तोवर हत्ती आपल्या पायांनी घरी आल्याची तार आली, आणि मग तार खरी मानायची की नाही यावर दुपार गेली. हसू दाबून शॉर्टहँड लिहिता येतं हे मी त्या दिवशी शिकले.

माझ्या समोर बसणारे ढाक्याचे स्टेनो हफीजसाहेब वयानं माझ्या वडिलांएवढे होते. फाळणीच्या आधी त्यांची सगळी नोकरी कलकत्त्यातच झालेली. आमच्या कचेरीच्या जिन्यात कुठली पायरी झिजली आहे हे त्यांना न बघता ठाऊक होतं. ते मला "मिस टेंबे" म्हणत, मी त्यांना "हफीजसाहेब". कामाशिवाय आम्ही बोलत नसू. बोलू नये अशीच अपेक्षा होती.

खिरोदा आली ती अशाच एका बैठकीच्या आधी.

कचेरीच्या फाटकाशी एक बाई रोज बसलेली दिसे. तिशीची असेल. रंगानं सावळी, हाडापेरानं मोठी, अंगावर जाडीभरडी पांढरी साडी, कपाळाला ठसठशीत सिंदूर. चपराशी तिला उठवी, ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसे, आणि तो वळला की परत येई. एकदा संध्याकाळी मी ट्रामकडे निघाले तशी ती माझ्याबरोबर चालू लागली.

"दिदिमोनी, पाकिस्तानच्या साहेबांबरोबरचे कागद तुम्हीच लिहिता ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"चपराशानं. मला हाकलून हाकलून तो दमला, मग सांगितलं. माझ्या माणसाचं नाव त्या कागदात लिहा. फटिक मंडल."

मी तिला समजावलं, की मला हवं ते मी लिहू शकत नाही. साहेब बोलतात ते लिहिते.

"मग साहेबांना बोलायला लावा," ती म्हणाली.

ट्राम आली आणि गेली. आम्ही लालदिघीच्या कठड्याशी बसलो आणि तिनं सगळं सांगितलं. त्यांचं घर पद्मा नदीतल्या एका चरावर होतं. चर म्हणजे नदीनं गाळ टाकून वर काढलेलं बेट. एका वर्षी असतं, एका वर्षी नसतं. पद्मा तिथे दोन देशांची सरहद्द झाली होती, आणि नदीचा प्रवाह सरकला तसा हा चर नेमका कुणाचा ते कुणालाच सांगता येईना. चरावरच्या माणसांना त्याची फिकीर नव्हती. तिचा नवरा फटिक आणि त्यांचा शेजारी मोयेजुद्दिन यांनी बांधाला बांध लावून कलाई पेरली होती. कलाई म्हणजे आपले उडीद. हिवाळ्यात पीक तयार झालं. दोघं कापणीला उतरले तेव्हा पलीकडून बंदूकवाले आले आणि आमच्या जमिनीत घुसलास म्हणून फटिकला घेऊन गेले. ते कळल्यावर इकडची पोलिसांची तुकडी गेली आणि त्याच शेतातून मोयेजुद्दिनला घेऊन आली. फटिक पलीकडे राजशाही गावच्या तुरुंगात, मोयेजुद्दिन इकडे बहरमपूरला.

"दोघं एकाच शेतात होते," खिरोदा म्हणाली. "एक चोर असेल तर दुसरा मालक असायला हवा की नाही? मग दोघं तुरुंगात कसे?"

कलकत्त्यात ती बेहाल्याला एका चुलतभावाकडे उतरली होती. तो एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचा. एका खोलीत सहा माणसं, त्यात ही. "किती दिवस राहशील?" मी विचारलं. "माझा माणूस सुटेपर्यंत," ती म्हणाली. त्यात रडगाणं नव्हतं. एखादी बाई दळण होईपर्यंत गिरणीवर थांबेन म्हणते, तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सेनसाहेबांना सांगितलं. त्यांना प्रकरण ठाऊक होतं. "विषयपत्रिकेत आहे ते, मिस टेंबे," चष्मा पुसत ते म्हणाले. "पण त्या चराला आपल्या नकाशात एक नाव आहे, त्यांच्या नकाशात दुसरं. आपलं नाव लिहिलं तर ते सही करणार नाहीत. त्यांचं लिहिलं तर दिल्ली मला जाब विचारेल. नाव घेतल्याशिवाय विषय काढायचा कसा?"

ती दोन्ही नावं मला अजून आठवतात. मी इथेही लिहीत नाही. संपादकांना उगाच पत्रं यायची.

बैठक चैत्रात झाली. शेवटच्या दिवशी सकाळच्या चहाला सगळ्यांच्या हातात इंग्रजी वर्तमानपत्र होतं. पॅसिफिक महासागरात अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती, आणि कितीतरी दूर मासे धरत असलेल्या एका जपानी नावेवर त्याची राख पडून कोळी आजारी पडले होते. राख बर्फासारखी पांढरी होती, असं छापलेलं. सेनसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं.

मग चौधुरीसाहेब म्हणाले, "सेन, आपण दोघं उडदावरून भांडतो आहोत हे एका परीनं बरं आहे. असला बॉम्ब करायची आपल्यापैकी कुणाची ऐपत नाही."

"गरिबीचा एवढा तरी उपयोग," सेनसाहेब म्हणाले.

त्यांनी "पेन्सिल खाली" म्हटलं नव्हतं, पण चहाच्या वेळचं बोलणं लिहायचं नसतंच. ते दोघेही गृहस्थ आता नाहीत. यंदाच्या मे महिन्यात मला ते दोघे फार आठवले.

चहानंतर चराचं कलम निघालं. आमच्या बाजूनं 'अपहरण केलेला शेतकरी' म्हटलं, त्यांच्या बाजूनं 'घुसखोर'. मोयेजुद्दिनच्या बाबतीत तेच शब्द उलटे झाले. त्यांच्यातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं 'अदलाबदल' हा शब्द सुचवला. सेनसाहेब म्हणाले, अदलाबदल म्हणजे दोघांचा गुन्हा सारखा मानणं, ते आम्हाला मान्य नाही. चौधुरीसाहेब म्हणाले, आम्हालाही नाही. एवढ्याच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. घटना कुठे घडली यावर तर नकाशे उघडून ते टेबलभर पसरले. जेवणाची वेळ झाली तेव्हा दोघंही थकले होते. कलम पुढच्या बैठकीवर ढकलावं असं ठरलं. ढाक्याच्या मंडळींचं विमान दुपारी दमदमहून सुटणार होतं.

साहेब लोक जेवायला गेले. हफीजसाहेब आणि मी शेजारच्या खोलीत मजकूर जुळवायला बसलो. पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून आम्ही त्यांवर शाईच्या दौती ठेवल्या होत्या. एकेक कलम जुळत गेलं. चराच्या कलमाशी आल्यावर हफीजसाहेब थांबले.

"पुढची बैठक पावसाळ्यानंतर," ते म्हणाले. "तोवर तो चर तरी राहील का?"

"चर गेला तर भांडण मिटेल."

"नाही मिटत, मिस टेंबे. चर वाहून जातो. माणसं तुरुंगात राहतात आणि भांडण फायलीत राहतं." मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्या मोयेजुद्दिनचा म्हातारा बाप ढाक्याला आमच्या कचेरीत येऊन बसतो. तुमच्या फाटकाशी ती बाई बसते, तसाच. सकाळी येताना मी तिला पाहिलं."

मी माझं टिपण वाचलं. त्यात होतं, 'ठिकाणाच्या नावाची खातरजमा होईपर्यंत तहकूब.' त्यांच्यात नुसतं 'तहकूब' होतं. एरवी एवढासा फरक आम्ही आमच्या आमच्यात मिटवून टाकत असू. कधी त्यांचं घ्यायचं, कधी माझं. त्या दिवशी हफीजसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिले.

"जुळत नाही," मी म्हटलं.

"नाही जुळत," ते म्हणाले आणि कागद उचलून उभे राहिले.

जेवणाच्या खोलीत दोघं प्रमुख समोरासमोर बसले होते. पार्क स्ट्रीटवरून मागवलेल्या कटलेटच्या बशा पुढे होत्या. आम्हाला पाहून सेनसाहेबांच्या कपाळावर आठी आली.

"एका कलमाचा मजकूर जुळत नाही, साहेब," मी सांगितलं आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवली.

"एवढ्यासाठी जेवणातून उठवता? नुसतं तहकूब लिहा."

विषय तिथेच संपायचा. हफीजसाहेब माझ्या बाजूला ताठ उभे होते. ते सरकारी शिस्तीतले जुने माणूस, न विचारता बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. पण रोज संध्याकाळी त्या बाईच्या समोरून मला ट्रामला जायचं होतं.

"लिहिते, साहेब. पण फटिक मंडलची बायको फाटकाशी बसली आहे. तिला काय सांगू ते तुम्हीच मला सांगा. नुसतं तहकूब, असं सांगू?"

सेनसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ते तुमचं काम नाही, मिस टेंबे."

"नाही, साहेब," मी म्हटलं. पण मी जागची हलले नाही.

चौधुरीसाहेबांनी काटा-चमचा बशीत ठेवला. "हफीज, तो म्हातारा अजून येतो का आपल्याकडे?"

"रोज येतो, साहेब."

"हं." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "सेन, दोन माणसं सध्या दोन तुरुंगांत आहेत. एवढं तर तुला मान्य आहे?"

"आहे."

"मलाही आहे. मग ती कुठे पकडली, कशी पकडली, हे लिहायचंच कशाला? आज कुठे आहेत तेवढं लिहू."

सेनसाहेबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला मात्र नाही. "आणि सोडायचं कुठे? घरी पोचवावं म्हटलं की तो चर आलाच. तुझ्या हद्दीत म्हटलं तर मी सही करणार नाही, माझ्या म्हटलं तर तू."

चौधुरीसाहेब खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नदीत सोडू. नदीला तरी आपण दोघं एकच नाव देतो."

पुढे अर्धा तास त्या दोघांनी जेवण तसंच ठेवून वाक्य घासलं. अपहरण नाही, घुसखोरी नाही, अदलाबदल नाही, बेटाचं नाव नाही. अमुकचा मुलगा अमुक आणि तमुकचा मुलगा तमुक, या दोन व्यक्तींना पद्मा नदीवर आणून नावेतून जाऊ द्यावं, एवढंच. मी ते टाइप केलं तेव्हा खाली मोटारी उभ्या होत्या. दोघांनी उभ्या उभ्याच सह्या केल्या.

मंडळी दमदमला गेल्यावर सेनसाहेबांनी मला बोलावलं. "पुन्हा असं करू नका, मिस टेंबे."

"नाही, साहेब."

"नदीवर दोन्ही बाजूंच्या स्टेनोंनी नोंद घ्यायची आहे. तुमच्या घरून परवानगी मिळेल का?"

मी फाटकाशी जाऊन खिरोदाला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि त्याच संध्याकाळी गावाकडची गाडी धरली. नदीवर माझ्या माणसाच्या आधी पोचायला हवं, म्हणाली.

घरी आईनं कपाळाला हात लावला. पोलिसांबरोबर, एवढ्या लांब, नदीवर, लग्नाची मुलगी? अप्पा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "सरकारी कामाला जाते आहे. गोदीत मीसुद्धा नावांवर चढतो." निघायच्या दिवशी पहाटे उठून आईनं दशम्या केल्या आणि उन्हासाठी लिंबं बांधून दिली.

माझ्या नोकरीत असे निकाल लागलेले मोजकेच. तहकूब झालेली कलमं कितीतरी जास्त. त्यातल्या माणसांची नावं मी स्वच्छ टाइप केली, फीत बांधली, आणि फायली कपाटात गेल्या. त्यांच्या बायका, बाप, भाऊ आमच्या फाटकाशी आले नाहीत, म्हणून मला दिसले नाहीत. ही खंत निवृत्तीनंतर कमी होईल असं वाटलं होतं. ती वाढली आहे.

सियालदाहून गाडीनं लालगोल्याला, आणि तिथून घाटावर. पद्मा मी तोवर पाहिली नव्हती. गंगा पाहत वाढलेल्या माणसालाही तिचा दुसरा काठ शोधावा लागतो. ऊन चढलं होतं, पाण्यावर नुसती पांढरी झळ होती आणि पलीकडे काही दिसत नव्हतं. आमच्या बाजूचा दारोगा, दोन शिपाई, मी, आणि मोयेजुद्दिन, असे आम्ही नावेत बसलो. मोयेजुद्दिन काटकुळा, दाढी वाढलेला, साधारण चाळिशीचा. त्यानं मला एकच गोष्ट विचारली. "फटिक खरंच येतोय ना? तो आला नाही तर मी उतरणार नाही."

खिरोदा घाटावर उभी होती. तिला नावेत घ्यायची परवानगी नव्हती.

मधल्या प्रवाहात पलीकडची नाव भेटली. तिच्यात एक पोलीस अधिकारी, हफीजसाहेब, डोक्यावर छत्री धरलेली, आणि फटिक. नावाड्यांनी दोन्ही नावा काठाला काठ लावून धरल्या. मी नोंद वाचून दाखवली, हफीजसाहेबांनी त्यांची वाचली. तेवढ्यात पलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "पकडल्याचं ठिकाण कुठे आहे यात? ठिकाणाशिवाय पावतीवर सही कशी करू?"

आमचा दारोगा म्हणाला, "ठिकाण मीच सांगतो." आणि त्यानं आमच्या नकाशातलं नाव घेतलं.

झालं. जे कलकत्त्याच्या टेबलावरून महत्प्रयासानं काढलं होतं, ते नदीच्या मधोमध परत आलं. दोघांचे आवाज चढले. पलीकडचा म्हणाला, मी माणूस परत नेतो. आमचा म्हणाला, मीही नेतो. मी वरच्या हुकमाचा कागद दारोग्यापुढे धरला, तिकडे हफीजसाहेबांनी त्यांचा धरला. दोघंही कागदाकडे बघेनात.

या सगळ्या वेळात फटिक आणि मोयेजुद्दिन आपापल्या नावेच्या काठाशी उकिडवे बसून एकमेकांशी बोलत होते. मला तुकडे ऐकू आले. कलाई कुणी नेली? गुरांनी खाल्ली. सगळी? सगळी. मग मोयेजुद्दिन उठला आणि शेताचा बांध ओलांडावा तसा सहज पलीकडच्या नावेत गेला. फटिक त्याच्या बाजूनं आमच्या नावेत आला. नावा हिंदकळल्या आणि दोन्ही अधिकाऱ्यांनी तोल सावरायला फळ्या धरल्या.

कुणी काही बोलायच्या आत म्हाताऱ्या नावाड्यानं बांबू टेकवून आमची नाव दूर लोटली. पाण्याचा पट्टा रुंदावत गेला. दारोगा मघापासून हातात धरलेल्या पावतीकडे पाहत होता. मी म्हटलं, "ठिकाणाच्या जागी 'पद्मा नदी' लिहा, साहेब. ते खोटं नाही." त्यानं लिहिलं. पलीकडून हफीजसाहेबांनी हाक मारून विचारलं, "मिस टेंबे, त्यांनी काय लिहिलं?" मी ओरडून सांगितलं. तिकडेही तेच लिहिलं गेल्याचं त्यांनी छत्री हलवून कळवलं. पुढच्या बैठकांना ढाक्याहून दुसराच स्टेनो आला. हफीजसाहेबांना मी नंतर पाहिलं नाही.

घाटावर फटिक उतरला. खिरोदा पाण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. तिनं त्याचा दंड धरला, चाचपला, आणि "हाडं राहिली आहेत," एवढंच म्हणाली. मग ती घाटाच्या पायरीवर बसली. फटिकही बसला.

गाडीची वेळ होत आली होती. दारोगा म्हणाला, "आता जा घरी. काम झालं."

"नाही झालं," खिरोदा म्हणाली. "मोयेज अजून पाण्यात आहे."

"तो त्याच्या नावेत आहे. पोचेल."

"पोचल्याचं कळू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दिदिमोनी, यांना धरून नेलं त्या दिवशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी तशीच धावत सुटले. माझी गाय, माझी भांडी, घराचं दार, सगळं मोयेजच्या बायकोनं पाहिलं. तिचाही माणूस दुसऱ्या दिवशी गेला, तरी पाहिलं. तिचा पोचल्याशिवाय मी माझा घेऊन कशी जाऊ?"

दारोग्यानं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी काढून तोही वरच्या पायरीवर बसला. आमची गाडी गेली. आईनं दिलेल्या दशम्या मी सोडल्या, आम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या, फटिकनं सावकाश, एकेक घास चावून. पाण्यावरची झळ उतरू लागली. दुसरा काठ तरीही दिसला नाही.

बऱ्याच वेळानं पलीकडून एक मासेमारीची होडी आली. त्यात एक अनोळखी कोळी होता. खिरोदा उठून पाण्याच्या कडेला गेली आणि तोंडाशी हातांचा कर्णा करून तिनं त्याला विचारलं. वाऱ्यानं तिचा आवाज मागे ढकलला. तिनं पुन्हा विचारलं. कोळ्यानं वल्हं थांबवलं, ऐकलं, आणि मोठ्यानं सांगितलं, की हो, मोयेज उतरला, बायको आली होती, बाप आला होता, घरी गेले.

खिरोदानं फटिककडे वळून पाहिलं.

"चला," ती म्हणाली.